मार्च एंडच्या आधी, नवीन सरपंचांसाठी

पहिलं काम हे, बाकीचं नंतर वाचा. कपाटातनं डोंगल, म्हणजे डिजिटल सही असलेला पेनड्राईव्हसारखा तुकडा, काढा आणि डिजिटल सहीची मुदत कधी संपतीय ते बघा. तुमचीपण आणि भाऊसाहेबांचीपण, म्हणजे ग्रामसेवकांची. जानेवारीतच. मी बघितली नव्हती. माझी मुदत संपली 19 मार्चला आणि मला कळलं 24 ला, गटारीचं बिल काढायला बसलो तेव्हा. पुढचं रामायण खाली सांगतो, पण तारीख आधी बघून या.

आता वसुली. घरफाळा, पाणीपट्टी, दिवाबत्ती, यात नवीन काय सांगू, ठरलेल्या वह्या-पावत्या, नमुना 8 ला आकारणी, 9 ला मागणी, 10 ची पावती, भाऊसाहेबांना तोंडपाठ असतंय. मला सांगायचंय ते टायमिंगचं. आपल्याकडं कुणाच्याबी दारात जावा, उत्तर एकच, "उसाचं बिल आलं की भरतो." आणि माणूस खोटं बोलत नसतोय. कायद्यानं ऊस तुटून गेल्यापासून 14 दिवसांत बिल मिळायला पाहिजे, ते कधी मिळतंय ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण जमा झालं की आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतंय, मग खतवाला, मग कुणाचं तरी लग्न, आणि आपण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन उंबऱ्यात उभं. म्हणून कुणाचा ऊस कुठल्या आठवड्यात गेला याची यादी शिपायाकडनं करून घ्या, त्याला सगळ्या गावाचं ठाऊक असतंय, आणि बिल पडल्या पडल्या दारात जावा. आम्ही एका वर्षी एवढंच केलं, नोटिसा नाहीत, रिक्षावर भोंगा नाही, तरी फरक पडला.

आणि सदस्यांची थकबाकी आधी भरून घ्या. गोड बोलून, नाहीतर न बोलून. मागणी बिल दिल्यापासून 3 महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतोय, आणि तुमच्या विरोधकाला हे कलम तुमच्या आधी पाठ असतंय. स्वतःच्या घराची पावतीपण बघा. आमचीच एक राहिली होती, जुन्या गोठ्याची, हसू नका.

वसुलीसाठी एवढा जीव का काढायचा, तर पाणी सोडणाऱ्याचा पगार, मोटरीचं लाईटबिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, हा रोजचा गाडा स्वतःच्या उत्पन्नावर चालतोय. वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडनं येणाऱ्या, पैशातनं पगार भागवता येत नाही. वर त्याच उत्पन्नातनं 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला बालकल्याण, 5 टक्के दिव्यांग. हे 30 टक्के 28 मार्चला आठवलं की मग घाईत कायतरी भांडी नाहीतर खुर्च्या वाटल्या जातात, तसं करू नका. दिव्यांगांची यादी डिसेंबरातच अपडेट करा.

मधेच परत विचारतो, डोंगल बघितला का? दोन्ही?

15 व्या वित्त आयोगाचा (मुदत मार्च 2026 पर्यंत) हिशोब असा, राज्यात 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला, 10 जिल्हा परिषदेला. आपल्या वाट्यातलं 60 टक्के बंधित, म्हणजे निम्मं पाण्यावर, निम्मं स्वच्छतेवर, आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणं. प्रत्येक गावात एक सदस्य असा असतोयच ज्याला स्वागत कमान पाहिजे असते. बंधितमधनं कमान होत नाही. तो म्हणेल शेजारच्या गावात केली. नाही होत. आणि गावाच्या वर्षाच्या विकास आराखड्यात नसलेलं काम ऐनवेळी घुसडायला जाऊ नका, ऑनलाईनला ते दिसतच नाही मग बिल कुठनं काढणार.

आता माझं. गटारीचं काम बंधितमधलं, काम झालेलं, मोजमाप झालेलं, खात्यावर पैसे पडून. पूर्वी चेकवर सही केली की विषय संपायचा, आता ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर भाऊसाहेबांची आणि सरपंचाची अशा दोन डिजिटल सह्या झाल्याशिवाय रुपया हलत नाही. माझी मेलेली. नवीन काढायला गेलो तर आधारवर वडलांचं नाव पूर्ण आणि पॅनवर नुसतं अक्षर, ते जुळवण्यात चार दिवस, मग व्हिडिओ व्हेरिफिकेशन, रानात रेंज नाही म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढून केलं, मग डोंगल आला, मग तो पोर्टलवर नव्यानं नोंदवायचा, मंजुरीची वाट बघायची, आणि मार्चअखेर म्हटल्यावर पोर्टल गोगलगायीसारखं, सगळ्या महाराष्ट्रातनं एकदम लोक घुसलेले. 31 तारीख गेली. ठेकेदार भावकीतलाच, रोज सकाळी पायरीवर येऊन बसायचा, बोलायचा काय नाही, नुसता बसायचा. 1 मेच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न, पैसे असून बिल का नाही? कारण सांगितलं तर कुणाला पटेना. पैसे खाल्ले म्हटलं तर लोकांना लगेच समजतंय, डोंगल एक्स्पायर झाला म्हटलं तर नाही.

तर मुदत संपायच्या दोन महिने आधी नवीन काढा. पॅन-आधारवरचं नाव आजच ताडून बघा. नवीन सही नोंदवली की एक छोटं बिल काढून बघा, पाचशेचं का असेना. पासवर्ड पोराच्या मोबाईलमध्ये ठेवू नका, पोरगं पुण्याला गेलं की संपलं.

राहिलेलं पटापट. कॅशबुक आणि पासबुक महिन्याला जुळवा, वर्षाला नाही. ऑडिटचे जुने शक, म्हणजे आक्षेप, तुमच्या काळातले नसले तरी उत्तर तुम्हालाच द्यायला लागतंय. पावतीपुस्तकं मोजून घ्या. नदीकाठचं गाव असेल तर मेमध्येच दप्तर वरच्या मजल्यावर, कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाचा इशारा व्हायची वाट बघत बसू नका, 43 ला धोका म्हणेपर्यंत ऑफिसात पाणी आलेलं असतंय. 2019 ला आमचा नमुना 9 शाळेच्या व्हरांड्यात पान पान करून वाळत घातला होता, अर्धी नावं अजून वाचता येत नाहीत. डोंगलपण दप्तराबरोबर वर न्या.