अ‍ॅक्शन थ्रिलर घरी पाहताना: खोट डिस्कमध्ये की जोडणीत?

रात्रीचा पाठलाग सुरू झाला की पडद्यावर नुसता काळोख, संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट झाला की रिमोट शोधायची धावपळ. अशा वेळी बोल लावला जातो तो डिस्कला. पण ब्लू-रेच्या बाबतीत बहुतेक वेळा गडबड जोडणीत आणि मेनूत निघते, त्यामुळे आधी ती तपासा.

टीव्ही ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोडवर घ्या. मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद करा. शार्पनेस इतका उतरवा की माणसांच्या कडेची पांढरी रेघ दिसेनाशी होईल. प्लेअरमध्ये २४पी आउटपुट चालू हवं. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. मोशन स्मूदिंग चालू असताना टीव्हीनं मधल्या फ्रेम स्वतः रचल्या की हाणामारी मालिकेसारखी गुळगुळीत दिसू लागते.

आता काळा रंग. अंधारात काळं जाकीट घातलेलं पात्र दिसेल तिथे पॉज करा. जाकिटाच्या चुण्या दिसतात का? नसतील, तर ब्राइटनेसला हात लावण्याआधी एचडीएमआयची रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्यांचे आकडे, पाहा. प्लेअर ०–२५५ पाठवतोय आणि टीव्ही १६–२३५ धरून बसलाय, तर अंधारातला तपशील गिळला जातो. उलट झालं तर काळ्याचा राखाडी होतो. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ (१६–२३५) ठेवा. मग खोलीतला दिवा मंद करून वरखालच्या काळ्या पट्ट्यांकडे बघत ब्राइटनेस वाढवत न्या. पट्ट्या उजळायला लागल्या की एक पायरी मागे या.

एवढं करूनही धूर, पाऊस किंवा उडणाऱ्या काचांत चौकोनी ठोकळे दिसले, टॉर्चच्या उजेडाभोवती कड्या उमटल्या, तर तोच प्रसंग दुसऱ्या टीव्हीवर लावा. तिथेही तेच दिसलं तर एन्कोडिंग (डिस्कवर मावावं म्हणून चित्र दाबून साठवणं) कच्चं आहे असं खुशाल म्हणा. फिल्मचा रवा (ग्रेन, म्हणजे चित्रभर दिसणारे बारीक ठिपके) मात्र दोष नव्हे. रवा दर फ्रेमला बदलतो, ठोकळे मोठ्या चौकटींत दिसतात. हा फरक ओळखायला शिका.

आवाजात पहिली चूक ‘सेकंडरी ऑडिओ’ (मेनूचे किंवा समालोचनाचे आवाज मुख्य आवाजात मिसळणारी सोय) चालू ठेवण्याची. तो चालू असला की अनेक प्लेअर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ किंवा डॉल्बी ट्रूएचडीचा मूळ ट्रॅक न पाठवता साधा डॉल्बी किंवा डीटीएस पाठवतात. तो बंद करून ‘बिटस्ट्रीम’ (प्लेअरनं आवाज न उलगडता जसाच्या तसा पाठवणं) निवडा. ऑप्टिकल केबलमधून हे मूळ ट्रॅक जातच नाहीत. प्लेअर थेट रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) जोडा, नाहीतर ईआर्क (टीव्हीतून एचडीएमआयनं पूर्ण आवाज रिसीव्हरला देणारी सोय) हवं.

रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे, म्हणजे खर्जाच्या स्पीकरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. प्रत्येक स्पीकरचं बसायच्या जागेपासूनचं अंतर टेपनं मोजून भरा, आणि चाचणीचा खरखराट कानाच्या उंचीवर ७५ डेसिबल येईल अशी पातळी लावा. तरी संवाद दबले, तर फक्त सेंटर (मधला, संवादांचा स्पीकर) २ डेसिबल चढवा. ‘नाइट मोड’ संवाद वर आणतो खरा, पण स्फोटातला दम काढून घेतो, म्हणून तो शेजाऱ्यांच्या झोपेपुरताच वापरावा. सबवूफर कोपऱ्यात घुमत असेल, तर तो थोडा वेळ तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, खर्जाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवा आणि भिंतीकडेनं रांगत ऐका. जिथे खर्ज घुमत नाही आणि गायबही होत नाही, ती सबवूफरची जागा. (हसतील लोक, हसू द्या.)

शेवटी ओठ आणि आवाजाचा मेळ. तो बंदुकीच्या बारावरून ठरवू नका. तो आवाज बहुधा नंतर बसवलेला असतो. डब न केलेल्या ट्रॅकवर चेहरा जवळून दिसणारा संवाद लावा आणि प, ब, म उच्चारताना ओठ मिटतात तो क्षण पकडा. आवाज आधी येत असेल, तर रिसीव्हरमध्ये ४० मिलिसेकंदांचा विलंब टाका, म्हणजे साधारण एक फ्रेम, आणि पुन्हा पाहा. आवाज मागे पडत असेल, तर आधीचा विलंब शून्यावर आणा.