बॅड ब्रेन्सचा अभ्यास करताना: हार्डकोअर पंककडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी वॉशिंग्टनजवळ राहायला गेलो, तेव्हा प्रबंधासाठी ‘बॅड ब्रेन्स’ या हार्डकोअर पंक (पंक रॉकचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार) वाजवणाऱ्या बँडचा विषय निवडण्यामागे माझी आवड होती, पण पूर्वतयारी फारशी नव्हती. पहिला मसुदा मार्गदर्शकांनी आठवड्याभरात परत केला. त्यातील बहुतेक तारखा मी एकमेकांवरून उतरवलेल्या लेखांतून घेतल्या होत्या आणि बँडचे मोठेपण इतरांच्या प्रशस्तिपत्रांवर उभे केले होते. हे लोक नेमके काय वाजवत होते, याविषयी दोन परिच्छेदही नव्हते. लोकप्रिय संगीताच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना त्यानंतर मी शिकलेल्या काही गोष्टी उपयोगी पडतील असे वाटते.

सुरुवात ऐकण्यापासून करावी. १९७० च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन परिसरातील चार कृष्णवर्णीय तरुण ‘माइंड पॉवर’ या नावाने जॅझ-फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉक यांचा मिलाफ, वाजवत होते. गायक एच. आर., त्याचा भाऊ अर्ल हडसन ड्रम्सवर, गिटारवर डॉ. नो आणि बेसवर डॅरिल जेनिफर. महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि रिटर्न टू फॉरएव्हर हे फ्यूजन बँड त्यांचे आदर्श होते. (महाविष्णूचे जॉन मॅक्लॉफ्लिन म्हणजे पुढे झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’मध्ये वाजवणारे तेच, हे आपल्याकडच्या श्रोत्याला लगेच जवळचे वाटेल.) मग पंकच्या तबकड्या कानांवर पडल्या, रमोन्स या पंक बँडच्या एका गाण्यावरून नवे नाव घेतले गेले आणि फ्यूजनसाठी कमावलेली बोटे एकदम वेगळ्या कामाला लागली. हार्डकोअर म्हणजे ज्यांना वाजवता येत नाही त्यांचा गोंगाट, हा समज अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. निदान या बँडच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

हे मला पटले ते तबल्यामुळे. लहानपणी सांगलीत काही वर्षे तबला शिकलो होतो, त्यामुळे ‘पे टू कम’ हे १९८० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले गाणे मी निम्म्या वेगाने लावले आणि बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत बसलो. गाणे जेमतेम दीड मिनिटाचे आहे. मूळ वेगात एखाद्या झोतासारखे अंगावर येणारे ते गाणे निम्म्या वेगात ऐकले, तेव्हा गिटार, बेस आणि ड्रम्स थांबण्याच्या प्रत्येक जागी एकत्र थांबतात आणि पुन्हा एकत्र उठतात, हे स्पष्ट दिसले. द्रुत लयीत समेवर चोख येण्यासाठी जो रियाज लागतो, तोच इथे आहे. ही कृती प्रत्येक नवशिक्याने स्वतः करून पाहावी. तिला उपकरण म्हणून फोनसुद्धा पुरतो.

त्यानंतर वस्तूंकडे वळावे. त्यांचा पहिला अल्बम १९८२ मध्ये आर. ओ. आय. आर. या न्यूयॉर्कच्या कंपनीने फक्त कॅसेटवर काढला. पिवळ्या मुखपृष्ठावर अमेरिकी संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज आहे. हे चित्र आणि ‘बॅन्ड इन डी. सी.’ (म्हणजे ‘वॉशिंग्टनमध्ये बंदी’) हे गाणे एकत्र ठेवून पाहिले, की आपल्याच शहरात कार्यक्रमाला जागा मिळेनाशी झाल्यावर न्यूयॉर्कचा रस्ता धरणाऱ्या बँडची मनःस्थिती समजते. त्याच कॅसेटवर वेगवान गाण्यांच्या मधोमध संथ रेगे गाणीही आहेत, कारण जमैकाचे रेगे गायक बॉब मार्ली यांच्या संगीताच्या ओढीने चौघेही तिथल्या रास्ताफारी या धर्मपंथाच्या विचारांकडे वळले होते. सुट्या गाण्यांच्या यादीतून ऐकणाऱ्याला हा क्रम कधीच जाणवत नाही. म्हणून अल्बम सलग ऐकावा.

संग्रहातील कॅसेट हाताळण्याची संधी मिळाली, तर आधी तिच्या वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे टॅब तोडलेले आहेत का ते पाहावे, म्हणजे चुकून पुसली जाण्याचा धोका उरत नाही. कार्यक्रमांच्या जुन्या पत्रकांवर मात्र वेगळीच अडचण येते. त्यांवर वार असतो, तारीख असते, पण साल बहुधा नसते, कारण ते पत्रक पुढच्या आठवड्यापुरतेच छापलेले असते. अशा वेळी वार आणि तारीख यांचा मेळ कोणत्या वर्षी बसतो हे कॅलेंडरवरून काढावे आणि सोबत वाजवणाऱ्या बँडच्या नावांवरून ते पडताळावे. एका पत्रकावर माझी अख्खी दुपार गेली, आणि ती दुपार मला अजून आठवते. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ पासून शहरातील पंकचा स्वतंत्र संग्रह जोपासला आहे, मेरीलँड विद्यापीठाकडे त्या काळातील हस्तनिर्मित फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेली छोटी मासिके, जपलेली आहेत. अभिलेखागारात काम करू इच्छिणाऱ्यांनी असे संग्रह आवर्जून पाहावेत, कारण कागद, फीत आणि आठवणी एकत्र नोंदवण्याचे काम तिथे प्रत्यक्ष दिसते.

प्रभावाविषयी लिहिताना नावांची जंत्री करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा एकच धागा धरावा. वॉशिंग्टनमधील किशोरवयीन मुलांचा ‘टीन आयडल्स’ हा बँड बॅड ब्रेन्सना पाहत, त्यांच्या शेजारी राहून शिकला. त्यातील इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये साठवलेल्या पैशांतून ‘डिस्कॉर्ड’ ही तबकड्या काढणारी कंपनी काढली आणि नंतर ‘मायनर थ्रेट’ हा बँड उभा केला. तबकड्यांची वेष्टने ही मुले स्वतः कापून, दुमडून, डिंकाने चिकटवत. न्यूयॉर्कमध्ये पुढे हिप-हॉपसाठी गाजलेला बीस्टी बॉइज हा गट हार्डकोअरपासूनच सुरू झाला आणि बॅड ब्रेन्सविषयीचा आदर त्याने कधी लपवला नाही. बहुसंख्य गोऱ्या श्रोत्यांसमोर चार कृष्णवर्णीय वादकांनी वेगाचे परिमाण ठरवून दिले, ही गोष्ट मात्र कोणत्याही यादीत मावणारी नाही.

या आदरापोटी अडचणीचे प्रसंग गाळू नयेत. १९८२ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे समलिंगी संगीतकाराशी बँडचे वर्तन द्वेषाचे होते आणि त्यावरून हार्डकोअरच्या वर्तुळात मोठी फूट पडली. ते मी पहिल्या मसुद्यात टाळले होते. दुसऱ्या मसुद्यात ते लिहिले, तेव्हाच ज्यांना त्या प्रसंगाने दुखावले त्यांची बाजू शोधण्याची गरज जाणवली, आणि प्रबंधाचे सर्वांत कष्टाचे प्रकरण तेच झाले.

शेवटी १९८६ चा ‘आय अगेन्स्ट आय’ हा अल्बम हेडफोन लावून ऐकावा. तिथे हार्डकोअर, हेवी मेटल आणि फंक एकमेकांत मिसळतात. त्यातील ‘सेक्रेड लव्ह’ या गाण्यात एच. आर. यांचा आवाज दबलेला आणि पातळ येतो, कारण ते तेव्हा तुरुंगात होते आणि ते गाणे त्यांनी तिथून फोनवर गायले आहे.