दिवा हिरवा आहे, पण ट्रक खरंच अडकलाय का? डॉकवरच्या या चुका टाळा

लोडिंग डॉक, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवायचा-उतरवायचा ओटा, जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंच असतो. अडीच टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन साडेतीन-चार टनांच्या घरात जातं. ती ट्रेलरमध्ये ये-जा करत असताना ट्रेलर डॉकपासून सुटला, तर एवढं लोखंड माणसासकट खाली येतं आणि ऑपरेटरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणून डॉकला व्हेइकल रिस्ट्रेंट, म्हणजे ट्रक धरून ठेवणारं लॉक बसवतात. ते लागलं की आत फोर्कलिफ्टवाल्याला हिरवा आणि बाहेर ड्रायव्हरला लाल दिवा दिसतो. पण लॉक बसवलेलं असणं वेगळं आणि आत्ता, या गाडीला ते लागलेलं असणं वेगळं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

ठोकळ्यावर भिस्त ठेवणं

ट्रेलर सुटण्याचं एक कारण सर्वांना माहीत असतं: काम झालं असं समजून ड्रायव्हर गाडी काढतो. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. फोर्कलिफ्ट आत जाऊन ब्रेक मारते, तेव्हा ट्रेलर डॉकपासून लांब ढकलला जातो. ती रिव्हर्सने जोर लावून बाहेर येते, तेव्हाही तिची चाकं ट्रेलरची फरशी त्याच दिशेला ढकलतात. म्हणजे जातानाही धक्का आणि येतानाही, दोन्ही एकाच बाजूला. ट्रेलर थोडाथोडा सरकत राहतो आणि एका फेरीला लेव्हलरच्या, म्हणजे डॉक आणि ट्रेलर जोडणाऱ्या फळीच्या, लिपखालचा (पुढच्या कडेखालचा) आधार संपतो. एअर सस्पेन्शनच्या (हवेच्या फुग्यांवर तोललेल्या) गाड्या वजनाने वर-खाली होतानाही पुढे सरकतात, म्हणून त्यांची हवा लोडिंगच्या आधीच सोडावी.

रबरी ठोकळा चाक गडगडू देत नाही, हे खरं. पण ओल्या, तेलकट किंवा खडीच्या जमिनीवर तो घसरतो, आणि चालू इंजिनाच्या ट्रकला तो अडवेलच याची खात्री नसते. ठोकळे वापरायचेच असतील तर डॉकच्या सर्वांत जवळच्या चाकांना, डावीकडे आणि उजवीकडे, टायरला घट्ट टेकवून लावा, आणि ते चाकाच्या डॉकपासून लांबच्या बाजूला हवेत. घाईत चुकीच्या बाजूला लावलेला ठोकळा काहीच अडवत नाही.

बार न बघता बटण दाबणं

भिंतीवर बसवलेली बहुतेक लॉक ट्रेलरच्या मागचा आडवा बार हुकने पकडतात. हा बार मुळात डॉकसाठी नसतोच. मागून धडकलेली कार ट्रकखाली घुसू नये म्हणून तो असतो. अमेरिकेच्या नियमात त्याची खालची कड जमिनीपासून ५६० मिलिमीटरपेक्षा वर चालत नाही, म्हणून हुक साधारण त्या उंचीचा अंदाज धरून बनवलेले असतात. प्रत्यक्षात येणारा बार वाकलेला असतो, गंजलेला असतो, त्याच्याखाली पत्रा मारलेला असतो किंवा त्याच्यासमोर टेल-लिफ्ट (ट्रकच्या मागची माल उतरवायची फळी) लटकत असते. छोट्या ट्रकला कधीकधी बारच नसतो. अशा वेळी हुक वर येतो, कशाला तरी टेकतो, आणि काही यंत्रं एवढ्यावरच आत हिरवा दिवा लावतात.

लॉक लावल्यावर कुणीतरी प्रत्यक्ष बघायला हवं की हुक बारच्या पुढच्या बाजूला पूर्ण वर आलाय का. खाली उतरून बघावं लागू नये म्हणून डॉकवर कॅमेरा किंवा बहिर्वक्र आरसा लावता येतो. तुमच्याकडे नाना तऱ्हेच्या गाड्या येत असतील, तर बार पकडणाऱ्या लॉकपेक्षा चाक अडवणारं लॉक जास्त गाड्यांना चालतं. खरेदीच्या आधी महिनाभर येणाऱ्या गाड्यांचे बार तपासून नोंदवा. लॉकची निवड त्या नोंदीवरून व्हावी, विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून नको.

ओव्हरराइडची सवय लागणं

माझ्या मते सर्वांत घातक चूक ही. लॉक लागत नाही म्हणून कधीतरी ओव्हरराइडचं, म्हणजे लॉक न लागताही काम पुढे चालू करणारं, बटण दाबावं लागतं. ते बटण त्यासाठीच दिलेलं असतं आणि तिथपर्यंत काहीच चुकत नाही. मग गर्दीच्या दिवशी दहा गाड्या रांगेत उभ्या असतात, कुणीतरी सांगतं "बायपास कर, नंतर बघू", आणि दोन आठवड्यांत त्या दरवाजाला लॉक लावणं म्हणजे ओव्हरराइड दाबणं असंच होऊन बसतं. नवा माणूस तेच शिकतो. लॉकच्या जागी फक्त दिव्यांचा खांब उरतो.

ओव्हरराइडची चावी सुपरवायझरकडेच असावी. प्रत्येक वापर लिहून ठेवावा: दरवाजा कोणता, गाडी कोणती, कारण काय. ओव्हरराइडवर असताना आतला दिवा साधा हिरवा कधीच दिसता कामा नये. तो सावधानतेचा, लुकलुकणारा हवा, म्हणजे फोर्कलिफ्टवाल्याला कळतं की ही गाडी धरलेली नाही. त्या गाडीला ठोकळे लावा, तिची चावी काढून घ्या आणि मगच आत जा. एकाच दरवाजाच्या नोंदी वाढत असतील तर दोष माणसांचा समजू नका, मेंटेनन्सला बोलवा.

क्रम उलटा करणं

आधी लॉक, मग दरवाजा, मग लेव्हलर. निघताना याच्या उलट: फोर्कलिफ्ट बाहेर, लेव्हलर जागेवर, दरवाजा बंद, शेवटी लॉक मोकळं. लॉक लागल्याशिवाय लेव्हलर हलणारच नाही असं इंटरलॉक बसवता येतं, आणि ते बसवावंच. ओरडून किंवा हात हलवून "झालं, निघ" सांगायची पद्धत बंद करा. शेजारच्या दरवाजावरचा ड्रायव्हर तो इशारा आपल्यासाठी समजू शकतो. बाहेरचा दिवा ड्रायव्हरला आरशातून दिसतो का, हे स्वतः केबिनमध्ये बसून तपासा.

सुट्या ट्रेलरला विसरणं

ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारा इंजिन-केबिनचा भाग, काढून नेलेला ट्रेलर पुढे फक्त लँडिंग गिअरवर, म्हणजे टेकूच्या पायांवर, उभा असतो. भरलेली फोर्कलिफ्ट पुढच्या टोकाला गेली की ते पाय मोडू शकतात किंवा जमिनीत रुतू शकतात. मागचं लॉक हे थांबवेल असं धरून चालू नका. पुढे वेगळा ट्रेलर स्टँड हवाच.

अडचण आली तर

हुक सुटत नसेल तर बहुधा ट्रेलर पुढे सरकून बार त्याच्यावर दाबला गेलेला असतो. हातोडा किंवा पहार घेऊ नका. ट्रेलर आणि डॉकच्या मध्ये कुणी नाही याची खात्री करा, ड्रायव्हरला हळूच मागे घेऊन डॉकच्या बंपरला टेकायला सांगा आणि मग लॉक मोकळं करा. लोडिंग चालू असताना ट्रेलर किती सरकतोय, हेही यावरून कळतं.

हुक वर येत नसेल तर आधी कचरा बघा: पॅलेटच्या चिपा, स्ट्रेच फिल्म, पट्ट्या. साफ करण्यापूर्वी वीज बंद करून स्विचला कुलूप लावा आणि त्या दरवाजाला गाडी लागू देऊ नका.

गाडी लागताना बार लॉकवरच आदळत असेल तर डॉकचे बंपर तपासा. ते झिजले की ट्रेलर भिंतीच्या जास्त जवळ येतो, आणि लॉक कितीही वेळा दुरुस्त केलं तरी पुन्हा बिघडतं.

आतला दिवा लागतच नसेल तर तो लाल आहे असं धरा. बल्ब बदलून आत हिरवा आणि बाहेर लाल एकाच वेळी दिसेपर्यंत फोर्कलिफ्ट आत जाऊ देऊ नका.