लिनक्सवर जुना प्रिंटर चालत नाही? आधी या चुका टाळा

झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० अजूनही रोज पानं काढताना दिसतात. कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं की मात्र तोच प्रिंटर ‘सपोर्ट नाही’ म्हणून माळ्यावर जातो. मला याचं वाईट वाटतं, कारण यातले बरेचसे प्रिंटर नीट चालू शकतात.

मॉडेलचं नाव शोधत बसणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. ड्रायव्हरच्या (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीत नाव आहे का, यापेक्षा प्रिंटरला कोणती भाषा समजते हे महत्त्वाचं. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल समजत असेल, तर त्या भाषेचा जेनेरिक ड्रायव्हर लावून निदान साधी काळी-पांढरी पानं तरी निघतात. बिलं छापायचा टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स यादीत सापडला नाही, तर त्याच्या माहितीपुस्तिकेत ‘एप्सन’ इम्युलेशन (एप्सनच्या प्रिंटरसारखं वागण्याची सोय) आहे का बघा. असेल तर पिना ९ आहेत की २४ हे पाहून एप्सनचाच ड्रायव्हर निवडा.

१०२० आणि २९०० यांचं तसं नाही. यांच्यासाठी पानाचं चित्र कॉम्प्युटरच तयार करतो आणि प्रिंटर ते फक्त उमटवतो. १०२० ला झेडजेस्ट्रीम ही भाषा लागते, २९०० ला कॅनन कंपनीची स्वतःची कॅप्ट. इथे जेनेरिक ड्रायव्हर कितीही बदलले तरी उपयोग नाही.

एखाद्या प्रिंटरमधून टक्का आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारा कोड पानांमागून पानं छापून यायला लागला, तर न समजणारं पोस्टस्क्रिप्ट त्याच्याकडे जातंय. आधी काम रद्द करा, नाहीतर रीम संपेल.

फर्मवेअर विसरणं

१०२० च्या बाबतीत लोक हमखास इथे अडकतात. कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतो, रांगेत काम ‘पूर्ण’ झालेलं दिसतं, पण कागद हलत नाही. मग केबल बदला, ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका असं सुरू होतं. मूळ कारण असं, की या प्रिंटरचं फर्मवेअर (त्याला आतून चालवणारं सॉफ्टवेअर) त्याच्या कायमच्या मेमरीत नसतं. वीज गेली की ते पुसलं जातं आणि दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. म्हणून तर विंडोजमध्ये एक पान छापून, प्रिंटर बंद न करता लिनक्समध्ये आलं की तो अचानक चालतो! तुमच्याकडे असं घडत असेल तर निदान झालंच म्हणून समजा.

उपाय दोन. एचपीलिप हे एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लगिन, किंवा रिक रिचर्डसन यांचा फू-टू-झेडजेएस हा मुक्त ड्रायव्हर. यातला एकच निवडा. दोन्ही एकत्र टाकले तर फर्मवेअर कोणी पाठवायचं यावरून गोंधळ होतो. एचपीलिप घेतलंत तर प्लगिनची आवृत्ती त्याच्याशी तंतोतंत जुळायला हवी. सिस्टीम अपग्रेड केल्यावर प्रिंटर गप्प झाला, तर आधी प्लगिन पुन्हा बसवून बघा.

प्रोसेसर न बघता ड्रायव्हर उतरवणं

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर प्रिंट सर्व्हर करण्याची कल्पना उत्तम. पण कंपन्यांचे तयार ड्रायव्हर बहुधा इंटेल प्रोसेसरसाठीच असतात. त्यातली पीपीडी फाईल, म्हणजे प्रिंटरच्या सोयींचं वर्णन, ही नुसती मजकुराची फाईल, ती कुठेही बसते. प्रिंटर जोडला गेला असं वाटतं, आणि छापायला घेतलं की ‘फिल्टर फेल्ड’. पीपीडीमागचा फिल्टर, म्हणजे पान प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, पायच्या वेगळ्या प्रोसेसरवर चालतच नाही. अशा वेळी सोर्स कोड मिळतो का शोधा. कॅप्टसाठी मुक्त ‘कॅप्टड्रायव्हर’ आहे, तो पायवरच कंपाइल करता येतो.

कंपाइल केलेला फिल्टर हाताने कॉपी केलात तर मालकी रूटकडे (मुख्य प्रशासकाकडे) ठेवा आणि लिहिण्याची परवानगी इतरांना देऊ नका. सैल परवानग्यांचा फिल्टर कप्स (छपाई सांभाळणारी यंत्रणा) सुरक्षेपोटी चालवत नाही, आणि पडद्यावर तोच ‘फिल्टर फेल्ड’ दिसतो.

नव्या प्रिंटरवर जुना ड्रायव्हर

एअरप्रिंट (अॅपलचं ड्रायव्हरविना छपाईचं तंत्र) येणाऱ्या प्रिंटरला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. यूएसबीने जोडलेला असेल तर ‘आयपीपी-यूएसबी’ पॅकेज पुरतं.

लॉग न वाचणं

कप्ससीटीएल (cupsctl) कमांडने डीबग लॉगिंग सुरू करा, एक पान पाठवा आणि /var/log/cups मधली error_log फाईल उघडा. फिल्टर सापडला नाही, परवानगी नाकारली, की प्रोसेसर जुळला नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच सिस्टीमवर परवानगीचा प्रश्न जास्त येतो. तिथे यूएसबी उपकरणावर कप्स गटाला अधिकार नसतील तर ड्रायव्हर अचूक असूनही काही छापलं जात नाही. डेव्हएफएसच्या (उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या) नियमांत तो गट जोडा, सेवा पुन्हा सुरू करा आणि मगच ड्रायव्हरला हात लावा.