हवापालट आणि ॲलर्जी : परदेशी राहायला जाताना करावयाची तयारी

आमच्या सातारा-सांगलीकडे जुनाट सर्दी आणि दम्यावर हवापालट हा उपाय पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. पूर्वी ज्याला परवडेल तो पाचगणीला जाऊन राहत असे. आता घरातील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला अथवा नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला निघाली की घरचे त्याच विश्वासाने म्हणतात, ‘तिकडची हवा स्वच्छ आहे, तुझ्या शिंका आपोआप थांबतील.’ माझ्या आईनेही मला हेच सांगितले होते, आणि पहिली दोन वर्षे तिचे म्हणणे खरे ठरले. सांगलीत कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर पाचटाची काळी राख पडायची आणि माझे नाक होळीपर्यंत वाहत राहायचे. इंग्लंडमध्ये त्यातले काहीच नव्हते, म्हणून मी औषधांचा डबा कपाटात मागे सारून दिला. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र एका सकाळी डोळे इतके सुजले, की पापण्या बोटांनी उघडाव्या लागल्या. टाळूला आणि कानाच्या आतल्या बाजूला अशी खाज सुटली, की सांगलीच्या सर्दीत तिचा कधी अनुभव आला नव्हता. मी सर्दी समजून आठ दिवस काढे पीत राहिले. प्रत्यक्षात तो गवताच्या परागांचा त्रास होता.

असे का होते, हे एकदा नीट समजून घेतले की पुढची सगळी तयारी सोपी होते. परागांच्या या त्रासाला परागज्वर (हे फीवर) म्हणतात, पण त्यात ताप नसतो आणि त्याचे कारण जंतूही नसतात. एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे नाकातील, डोळ्यांतील व श्वासनलिकेतील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच पदार्थ पुन्हा आत आला की या पेशी हिस्टामिन सोडतात आणि शिंका, पाणी व खाज सुरू होते. म्हणजे ज्या परागांशी शरीराची कधी गाठच पडलेली नाही, त्यांचा त्रास पहिल्या दिवशी होत नाही. आधी ओळख व्हावी लागते, आणि तिला एक, दोन, कित्येकदा पाच-सात हंगामही लागतात. २०१३ मध्ये अमेरिकेतील मुलांविषयी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले, की परदेशात जन्मलेल्या मुलांमध्ये ॲलर्जीचे विकार तेथे जन्मलेल्या मुलांपेक्षा कमी होते, परंतु अमेरिकेत १० वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांमध्ये ते नव्याने आलेल्यांपेक्षा बरेच जास्त होते. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांच्या आरामाला बरे होणे समजू नये. जुना पराग मागे राहिला आहे आणि नव्याशी अजून ओळख झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. ज्याला येथे ॲलर्जीची सर्दी, दमा किंवा लहानपणी इसब होते, त्याला नवी ॲलर्जी जडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, ही गोष्ट निघताना लक्षात ठेवावी.

निघण्यापूर्वी : नेमका त्रास कशाचा आहे?

पहिले काम म्हणजे निघण्याच्या आधी वर्षभर, निदान सहा महिने तरी, त्रासाची नोंद ठेवावी. कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, घरात की शेताच्या बाजूला त्रास होतो, एवढे कॅलेंडरवर टिपले तरी पुरते. आपल्या भागात हे वेळापत्रक बरेच स्पष्ट असते. पावसाळ्यात आणि तो सरतासरता रस्त्याकडेचे व बांधावरचे गाजर गवत फुललेले असते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज प्रत्येक मोकळ्या जागेत माजलेले दिसते. पाऊस ओसरल्यावर इतर गवतांना तुरे येतात. पावसाळाभर, आणि कृष्णेच्या पुराचे पाणी ज्या घरात शिरले तेथे त्यानंतरही कित्येक महिने, भिंतींच्या ओलीवर बुरशी वाढते. गादीतील धूळकिडे तर बारमाही असतात. त्यांचा त्रास सकाळी उठल्याउठल्या सलग शिंकांनी सुरू होतो.

येथे एक फरक बारकाईने पाहिला पाहिजे, कारण परदेशी गेल्यावर आपला त्रास कमी होईल की नाही, हे त्यावरूनच ठरते. उसाच्या पाचटाचा धूर, भट्टीची राख, मार्केट यार्डात हळदीची पोती ओतली जाताना उडणारी भुकटी आणि रस्त्याची धूळ यांनी नाक झोंबते, खोकला येतो, पण ती बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. तो नुसता क्षोभ असतो, आणि त्या जागेपासून दूर गेले की तो खरोखर थांबतो. धूळकिड्यांचे तसे नाही. ते लंडनच्या गादीतही असतात आणि सिंगापूरच्या गादीतही असतात. ज्याचा मूळ त्रास धूळकिड्यांचा आहे, त्याने देश बदलून फारसा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

नोंदीला तपासणीची जोड द्यावी. सांगली-मिरजेला आणि साताऱ्यालाही कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या तज्ज्ञांकडे याची चौकशी करता येते. त्वचेवर टोचून केल्या जाणाऱ्या तपासणीत हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि १५ ते २० मिनिटांत कोठे गांधी उठते ते मोजतात. त्याआधी पाच ते सात दिवस सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, अन्यथा गांधी उठत नाही आणि निकाल फसवा येतो. मात्र कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच थांबवावी. गांधी उठली म्हणजे ॲलर्जीचा आजार आहेच असे नसते. निकाल आणि आपली नोंद जुळली तरच त्याला अर्थ आहे. धूळकिडे, बुरशी, झुरळ, हरळी आणि गाजर गवत यांची तपासणी आवर्जून करून घ्यावी. गाजर गवताविषयी विशेष सांगावेसे वाटते, कारण अमेरिकेतील रॅगवीड हे तण त्याच्याच कुळातील आहे आणि दोघांच्या परागांतील प्रथिने इतकी सारखी आहेत, की गाजर गवताला सरावलेले शरीर रॅगवीडला ओळखू शकते. अशा माणसाला अमेरिकेत दोन-तीन वर्षांची सवलत मिळेलच असे नाही. हरळी मात्र उष्ण प्रदेशातील गवत असून तिचे इंग्लंडमधील गवतांशी नाते दूरचे आहे.

जेथे जाणार तेथील हंगाम

दुसरे काम म्हणजे त्या देशाचे परागांचे वेळापत्रक जाण्यापूर्वी समजून घेणे. इंग्लंडमध्ये मार्चअखेरीपासून मेपर्यंत बर्चचे, म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाच्या भावंडाचे पराग उडतात. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गवताचे राज्य असते आणि नेमक्या त्याच काळात विद्यापीठांच्या परीक्षा असतात. आपली मुले तेथे सप्टेंबरात पोहोचतात, तेव्हा हा हंगाम उलटून गेलेला असतो. त्यामुळे पहिले सहा महिने आपल्याला येथे काहीच होत नाही अशी त्यांची समजूत होते. जर्मनीत आणि उत्तर युरोपात बर्चच्या आधी, थंडीतच, हेझल व अल्डर ही झाडे सुरुवात करतात. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात ऑगस्टपासून पहिले हिमकण पडेपर्यंत रॅगवीड असते, तर मध्य टेक्ससमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी या ऐन थंडीत सीडर नावाच्या झाडाचा त्रास होतो. जपानमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल सुगी नावाच्या झाडाचे पराग उडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे या झाडांची प्रचंड लागवड झाली. आखाती देशांत आणि सिंगापुरात धूळ, धूळकिडे आणि बंद वातानुकूलित खोल्या हाच मुख्य प्रश्न असतो.

ऑस्ट्रेलियाविषयी थोडे थांबून लिहिणे आवश्यक आहे. तेथे ऋतू उलटे असल्याने गवताचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये दिवसभराच्या उकाड्यानंतर संध्याकाळी वादळ आले. वादळाच्या ओलाव्याने रायग्रास या गवताचे पराग फुटून त्यांचे अतिसूक्ष्म कण वाऱ्याबरोबर पसरले आणि काही तासांत हजारो लोकांना धाप लागली. दहा जणांचा मृत्यू झाला. साधा परागकण मोठा असल्यामुळे नाकातच अडतो; हे फुटलेले कण थेट फुप्फुसात उतरतात. म्हणूनच ज्यांना तोपर्यंत केवळ शिंका येत होत्या आणि दमा कधीच नव्हता, असे अनेक लोक त्या रात्री रुग्णालयात गेले. त्यांत भारतीय व आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त होते. आता मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात दरवर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात अशा वादळी दम्याचा अंदाज जाहीर केला जातो. आपल्याकडचे कोणी तेथे असेल आणि त्याला वसंतात शिंका येत असतील, तर त्याने हा अंदाज रोज पाहावा, वादळाच्या आधी व वादळ चालू असताना दारे-खिडक्या लावून घरात थांबावे आणि आराम देणारा इनहेलर जवळ असावा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. धाप लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता मदत मागवावी. ऑस्ट्रेलियात ०००, ब्रिटनमध्ये ९९९ आणि अमेरिकेत ९११ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत.

औषधांची पिशवी

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या सहीच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे. दम्याच्या इनहेलरमधला आपला सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल या नावाने ओळखला जातो, हे ठाऊक नसल्याने औषधाच्या दुकानात उगीच गोंधळ होतो. नियमही पाहावेत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन असलेले खोकल्याचे औषध पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही आणि जपानमध्ये १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना बंदी आहे. आपल्याकडे ॲलर्जीच्या सर्दीवर सहज लिहून दिली जाणारी लिव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्ट यांची जोडगोळी वर्षाचा साठा करून नेऊ नये. माँटेलुकास्टमुळे काहींच्या झोपेवर व मनःस्थितीवर गंभीर परिणाम होतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. एकट्याने, नव्या देशात, पहिल्या हिवाळ्यात राहणाऱ्या मुलामुलींनी हे गांभीर्याने घ्यावे.

त्यापेक्षा नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याची, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनची, रीत शिकून घ्यावी. स्टेरॉइड हा शब्द ऐकून आपले लोक दचकतात, पण नाकातली ही मात्रा अत्यल्प असते. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा, नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने ठेवावे आणि औषध जोरात वर ओढू नये. घशात कडवट चव आली म्हणजे ते नाकात न राहता खाली उतरले. हा फवारा लगेच गुण देत नाही. हंगाम सुरू होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून रोज मारला तरच त्याचा खरा उपयोग होतो, आणि म्हणूनच वर सांगितलेले वेळापत्रक जवळ हवे. चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत, नाहीतर थेंबांविना नाक उघडेनासे होते. गुंगी आणणाऱ्या, जुन्या पिढीच्या ॲलर्जीच्या गोळ्या परीक्षेच्या किंवा गाडी चालवण्याच्या दिवसांत टाळाव्यात.

ॲलर्जीची लस येथे सुरू असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. हा उपचार तीन ते पाच वर्षांचा असतो आणि येथील अर्क तिकडे मिळेल किंवा तिकडचे डॉक्टर तो पुढे चालू ठेवतील याची खात्री नसते. त्यामुळे वर्षभरात जाणाऱ्याने तो नव्याने सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेथील घर

भाड्याची खोली पाहताना शक्य असेल तर गालिचा नसलेली निवडावी. जुन्या गालिच्यात आणि आधीच्या भाडेकरूच्या गादीत धूळकिडे असतातच. गादी-उशांना दाट विणीची खोळ घालावी आणि चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांवर धुवाव्यात. थंडीत खोलीतच कपडे वाळत घातले, खिडकी बंद ठेवली आणि त्यात फोडणीची वाफही कोंडली, की भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. म्हणून स्वयंपाक करताना पंखा लावून दहा मिनिटे तरी खिडकी उघडावी. गवताच्या हंगामात मात्र कपडे बाहेर वाळवू नयेत आणि बाहेरून आल्यावर कपडे बदलून तोंड, डोळे व केस धुवावेत. बर्चची ॲलर्जी जडलेल्यांना कच्चे सफरचंद किंवा गाजर खाल्ल्यावर ओठ व टाळू खाजू लागतात, कारण त्यांतील प्रथिने परागांतील प्रथिनांसारखी असतात. शिजवलेले बहुधा चालते. खाजेबरोबर घसा आवळत असेल किंवा धाप लागत असेल, तर ती वेगळी, तातडीची बाब आहे.

सुट्टीला घरी येताना

परदेशात राहिल्याने जुनी ओळख पुसली जात नाही. गणपतीला आलात तर गाजर गवत फुललेले असते आणि दिवाळीत फटाक्यांच्या धुराला गाळप हंगामाची जोड मिळते. म्हणून विमानात बसण्याच्या दोन आठवडे आधी फवारा सुरू करावा, तेथे जन्मलेल्या मुलांना दमा असेल तर त्यांचा इनहेलर व तो ओढण्याची नळी बरोबर आणावी, आणि निघण्यापूर्वी घरी एक फोन करावा. आपण येणार म्हणून आई वर्षभर बंद असलेली मागची खोली उघडते, ट्रंकेतली रजई काढते आणि त्याच दिवशी अंथरते. ती खोली आठवडाभर आधी उघडायला, फडके ओले करून पुसायला आणि रजई-गाद्या चार दिवस गच्चीवरच्या कडक उन्हात टाकून, संध्याकाळी तेथेच बडवून मग खाली आणायला सांगावे.