सपाट गच्चीवर हीट पंप बसवताना : गोव्यातील इमारतींसाठी काही सूचना

गोव्यातील जुन्या घरांत न्हाणीच्या चुलीवर तांब्याचे भाण कायमचे बसवलेले असे आणि सोडणे, करवंट्या, झावळे जाळून त्यात घरादाराला पुरेल एवढे पाणी तापत असे. सदनिका आल्या तेव्हा त्या एका भाणाची जागा प्रत्येक न्हाणीघरातील स्वतंत्र गिझरने घेतली. इमारतीसाठी पुन्हा एकच सामाईक भाण हवे असेल, तर आज गच्चीवरचा हीट पंप हा त्याचा सर्वांत काटकसरीचा प्रकार आहे. तो विजेने थेट पाणी तापवत नाही, तर बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो. गोव्याच्या हवेत तो एका युनिट विजेमागे साधारण तीन ते चार युनिट उष्णता देतो. सौर बंब उन्हाळ्यात त्याहून स्वस्त पडतो हे खरे, पण आषाढ-श्रावणात ऊन दिसत नाही तेव्हा तो बंब केवळ विजेचा गिझर होऊन बसतो.

यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिका बहुधा थंड शहरांना समोर ठेवून लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्या वाचताना थोडा विवेक ठेवावा लागतो. लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा उणे १५ अंशांखाली उतरतो. तेथे यंत्राच्या, हवेतील उष्णता ओढणाऱ्या पातळ पत्र्यांवर गोठणारा बर्फ वितळवण्याची सोय, बर्फाच्या थराहून उंच चौथरा, वीज गेली तरी नळ्यांतील पाणी गोठू नये यासाठीचे द्रावण, हे सारे अत्यावश्यक असते. गोव्यात यांपैकी कशावरही पैसे घालवण्याचे कारण नाही. इथे यंत्राला थंडी छळत नाही. छळतात ते पाऊस, खारी हवा आणि वारा, आणि यंत्र ज्या गच्चीवर उभे असते तिला छळते ते पाण्याने भरलेल्या टाकीचे वजन. म्हणून यंत्राची कंपनी ठरवण्याआधी गच्ची पाहावी.

प्रथम टाकीचा आकार ठरवावा. आंघोळीचे पाणी साधारण ४० अंशांचे लागते. टाकीतले पाणी ५५ अंशांचे आणि नळाचे २७ अंशांचे धरले, तर बादलीतील जेमतेम निम्मे पाणी टाकीतले असते. त्यामुळे माणशी २० लिटर गरम पाणी धरले तरी ते दोन बादल्यांना पुरते आणि ५० माणसांच्या इमारतीला १००० लिटरची टाकी चालते. एवढे पाणी २७ वरून ५५ अंशांवर नेण्यास सुमारे ३३ युनिट उष्णता लागते, म्हणजे हीट पंपाला साडेनऊ युनिटच्या आसपास वीज. १० किलोवॉट उष्णता देणारे यंत्र हे काम साडेतीन तासांत उरकते. ते दुपारी चालवावे, कारण हवा जितकी उष्ण तितके यंत्राचे काम हलके होते. विक्रेते सर्रास याच्या दुप्पट क्षमतेचे यंत्र सुचवतात. तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवावा.

आता वजनाकडे वळू, कारण सर्वांत महाग चुका इथेच होतात. १००० लिटरची भरलेली टाकी, तिचे पोलाद आणि आवरण धरून, सुमारे १२०० किलो भरते आणि हे सारे वजन जेमतेम एक चौरस मीटर जागेवर येते. ये-जा असलेल्या सपाट छतासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला वापरभार (माणसे, सामान यांचे वजन) मात्र दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो इतकाच आहे. आमच्या फोंड्याच्या इमारतीत ठेकेदाराने जिना जवळ पडतो म्हणून टाकी स्लॅबच्या ऐन मध्यावर ठेवण्याचे ठरवले होते. संरचना अभियंत्याने नकाशा मागवला आणि खडूने रेघ ओढून तिला खांबांच्या डोक्यावर नेले. नियम एवढाच की टाकीचे वजन स्लॅबने नव्हे, तर तुळयांनी आणि खांबांनी पेलले पाहिजे. त्यासाठी दोन तुळयांवर टेकणारे लोखंडी गर्डर टाकून त्यांवर टाकी बसवावी. इमारत जुनी असेल आणि छताखालच्या सळ्या गंजून प्लास्टर फुगलेले दिसत असेल, तर आधी ती दुरुस्ती करावी. हीट पंप वर्षभर थांबला तरी काही बिघडत नाही.

गर्डर आणि यंत्र ज्यांवर टेकतात ते काँक्रीटचे ओटे जलरोधक थराच्या आधी ओतावेत, नंतर नव्हे. तयार कोब्याला भोके पाडून त्यांत बोल्ट ठोकणे म्हणजे खालच्या घरात पाणी पाठवण्याची सोय स्वतःच्या हाताने करणे होय. ओटा किमान ३० सेंटीमीटर उंच असावा, स्लॅबला मिळतो त्या कोपऱ्यात गवंड्याकडून गोल वाटा मारून (म्हणजे काटकोन सिमेंटने भरून गोलसर करून) घ्यावा आणि जलरोधक थर ओट्याच्या अंगावर निदान १५ सेंटीमीटर चढवावा. बोल्ट ओट्याच्या माथ्यावर बसवले की स्लॅबला कोठेही छिद्र पडत नाही. गच्चीचा उतार पावसाळी पाइपांकडे साधारण शंभरास एक असावा आणि ओट्यांची रांग त्या उताराला आडवी येऊ नये, नाहीतर पाणी त्यांच्यामागे तुंबून राहते. काम झाल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर पाच सेंटीमीटर पाणी किमान दोन दिवस साठवावे आणि वरच्या मजल्यावरील छत प्रत्येक खोलीत जाऊन पाहावे. ही सर्व कामे दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलपर्यंत आटोपावीत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरतो आणि मोसमभरात सुमारे तीन मीटर पाणी या गच्चीवर पडते, हे लक्षात घेतले म्हणजे घाईचे कारण सांगावे लागत नाही.

वाऱ्याचा विचारही याच टप्प्यावर करावा. पणजीसाठी मानकात धरलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. त्याचा दाब समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९० किलो पडतो आणि हलके यंत्र आडवे होण्यास तेवढा पुरतो. मे २०२१ मधील तौक्ते वादळ ज्यांनी अनुभवले, त्यांना उडालेले पत्रे आठवत असतील. कंपन शोषणारे रबरी पाय अवश्य वापरावेत, पण यंत्र त्यांच्यासकट ओट्याला बोल्टने घट्ट आवळलेले असावे.

यंत्राच्या चारी बाजूंना हवा खेळती हवी. मागे निदान अर्धा मीटर आणि पंख्यासमोर दीड-दोन मीटर मोकळे सोडावेत, कारण पंखा जी गार हवा बाहेर टाकतो तीच परत आत ओढली गेली तर यंत्राची शक्ती वाया जाते. गच्चीवर पत्र्याची शेड असल्यास बाजू उघड्या असाव्यात. पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या शयनगृहाकडे नसावे, आणि मे महिन्यात आमसुले व सांडगे वाळत घालण्याची जी कडेची जागा असते तिकडेही नसावे. या दुसऱ्या बाबतीतील नाराजी पहिलीपेक्षा जास्त काळ टिकते. दमट हवेत यंत्राच्या पोटातून ताशी दोन-चार लिटर पाणी ठिबकते. ते स्लॅबवर सोडले तर आठवड्याभरात शेवाळ धरते, म्हणून त्याची नळी थेट पावसाळी पाइपात न्यावी.

मिरामार किंवा कळंगुटसारख्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेमुळे साधे लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत पोखरले जाते. तेथे गर्डरांवर जस्ताचा गरम मुलामा, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि यंत्राच्या पत्र्यांवर गंजरोधक लेप यांचा आग्रह धरावा. महिन्यातून एकदा पत्रे गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावेत. पाणी विहिरीचे असल्यास त्याची आम्लता आणि क्षार आधी तपासून घ्यावेत. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा किंचित आम्लधर्मी असते आणि ते तांब्याच्या नळ्या हळूहळू खाते.

जोडणीत उंचीचे गणित चुकवू नये. थंड पाण्याच्या टाकीचा तळ गरम टाकीच्या माथ्याहून वर असला पाहिजे, नाहीतर शेवटच्या मजल्याच्या नळाला धार येणार नाही. गरम टाकीच्या माथ्यावरून निघणारी हवानळी थंड टाकीतील पाण्याच्या सर्वोच्च पातळीहून वर न्यावी, तिचे तोंड खाली वळवावे आणि तिच्यावर व्हॉल्व्ह कधीही बसवू नये. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याने लोंबतो, म्हणून सीपीव्हीसी किंवा पीपीआर या गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा पाइप वापरावा. त्यावर रबरी फोमचे आवरण आणि त्याच्याही वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवावा, कारण उघडा फोम उन्हाने भुगा होतो. कोमट पाण्यात, विशेषतः २० ते ४५ अंशांत, न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जंतू वाढतात, म्हणून टाकी नेहमी ५५ अंशांवर ठेवून आठवड्यातून एकदा ६० पर्यंत तापवावी. लहान मुले असलेल्या घरांत नळापाशी गरम-थंड पाणी मिसळून देणारा मिश्रण-व्हॉल्व्ह बसवावा.

वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. स्वतंत्र लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), वेगळे अर्थिंग, यंत्राशेजारी हाताशी येणारा बंद करण्याचा स्विच आणि थ्री-फेज यंत्रासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास यंत्र बंद करणारे उपकरण) एवढे असल्याशिवाय कामाचे पैसे देऊ नयेत.

यंत्र सुरू करताना आधी टाकी पूर्ण भरून नळ्यांतली हवा काढावी. १० किलोवॉटच्या यंत्रात येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यात पाच अंशांचा फरक हवा असेल, तर मिनिटाला सुमारे २९ लिटर पाणी फिरले पाहिजे. ते तपासण्यास महागडे उपकरण लागत नाही : परतीची नळी सोडून १५ लिटरची बादली लावावी, ती अर्ध्या मिनिटात भरली पाहिजे. न भरल्यास गाळणी तुंबलेली असते किंवा नळीत हवा अडकलेली असते. यंत्राला वेगळा मीटर लावून पहिले पंधरा दिवस आकडे लिहून ठेवावेत. १००० लिटरला चौदा-पंधरा युनिट जात असतील, तर दोष यंत्रात शोधण्यापूर्वी नळ्यांचे आवरण पाहावे आणि पाणी खेळवणारा पंप रात्रभर चालू राहतो का तेही पाहावे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर ओट्यांच्या खाली येणाऱ्या खोल्यांत पुन्हा जावे. ओल दिसली तर तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी आणि चार दिवसांनी परत पाहावे. ओल रेघेच्या आतच राहिली असेल, तर बहुधा बांधकामातले पाणी सुकते आहे. रेघ ओलांडली असेल, तर यंत्र बंद करून टाकी रिकामी करावी आणि गवंड्याला त्याच दिवशी बोलवावे.