हाक मारताच जोडले जाणारे फोल्डर : लिनक्सवर ऑटोएफएस कसे बसवावे

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर दीड मिनिट मोजणारी एक ओळ दिसत राहते आणि लॉगिनची चौकट काही येत नाही, हा अनुभव नेटवर्कवरचे फोल्डर ‘एफएसटॅब’ (सुरू होताना काय काय जोडायचे याची यादी) या फाइलीत थेट नोंदवणाऱ्या अनेकांना आला असेल. सर्व्हर बंद असतो, पण संगणक मात्र सुरू होतानाच त्याची वाट पाहत बसतो. गरज नसताना फोल्डर जोडायचेच कशाला, असा विचार करून सन कंपनीने १९८८च्या सुमारास आपल्या युनिक्समध्ये ‘ऑटोमाउंटर’ आणला. कोणी फोल्डर उघडले की ते जोडायचे आणि वापर थांबला की सोडून द्यायचे, एवढेच त्याचे काम. लिनक्सवर हेच काम ऑटोएफएस करते.

पुढील कृती डेबियन आणि उबुंटूसाठी आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत छापली असली, तरी संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची आहेत. उदाहरणासाठी असे धरू की घरातल्या एका जुन्या संगणकाचे नाव ‘कोठार’ आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे आणि त्यावरच्या ‘/एसआरव्ही/कुटुंब’ या डिरेक्टरीत ‘फोटो’ आणि ‘कागद’ असे दोन फोल्डर आहेत.

फोल्डर नेटवर्कवरून वापरू देणाऱ्या पद्धतीला एनएफएस म्हणतात. प्रथम कोठारावर तिचे ‘एनएफएस-कर्नल-सर्व्हर’ हे पॅकेज बसवावे आणि ‘/एटसी/एक्स्पोर्ट्स’ या फाइलीत पुढील ओळ लिहावी :

/एसआरव्ही/कुटुंब १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

येथे पत्ता आणि कंस यांच्यामध्ये मोकळी जागा अजिबात सोडू नये. ती सुटली, तर घरच्या संगणकांना केवळ वाचण्याची परवानगी मिळते आणि लिहिण्याची परवानगी मात्र त्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कोणालाही मिळते. एका रिकाम्या जागेपायी अर्थ असा पार उलटा होतो आणि संगणक फार तर एक इशारा दाखवून ती ओळ तशीच स्वीकारतो. नंतर ‘एक्स्पोर्टएफएस -आरए’ ही आज्ञा द्यावी. सर्व्हरवर फायरवॉल असेल, तर २०४९ क्रमांकाचे पोर्ट उघडे ठेवावे.

आता आपल्या संगणकाकडे वळू. येथे ‘ऑटोएफएस’ आणि ‘एनएफएस-कॉमन’ ही दोन पॅकेजे लागतात. कोठाराचा पत्ता ‘/एटसी/होस्ट्स’मध्ये नोंदवावा आणि राउटरवरही तो पत्ता कायम करून ठेवावा. त्यानंतर ‘/एटसी/ऑटो.मास्टर’ या मुख्य फाइलीच्या शेवटी ही ओळ घालावी :

/कोठार /एटसी/ऑटो.कोठार --टाइमआउट=३००

म्हणजे ‘/कोठार’ या डिरेक्टरीखाली काय जोडायचे, हे ‘ऑटो.कोठार’ या नकाशात पाहायचे आणि वापराविना ३०० सेकंद गेले की जोडणी सोडायची. तो नकाशा आपण स्वतः तयार करायचा असतो :

* -एफएसटाइप=एनएफएस४,आरडब्ल्यू कोठार:/एसआरव्ही/कुटुंब/&

तारका म्हणजे मागितलेले कोणतेही नाव, आणि शेवटच्या चिन्हाच्या जागी तेच नाव बसते. उद्या सर्व्हरवर तिसरा फोल्डर केला, तरी या ओळीला हात लावावा लागत नाही. नकाशाची फाइल मात्र ‘एक्झिक्युटेबल’ करू नये, कारण तशी परवानगी दिसली की ऑटोएफएस तिला यादी न समजता प्रोग्राम समजून चालवू पाहते.

‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट ऑटोएफएस’ ही आज्ञा देऊन ‘एलएस /कोठार’ करून पाहावे. तेथे काहीच दिसणार नाही, आणि बहुतेक जण इथेच हात टेकतात. वास्तविक सर्व काही ठीक असते. नाव घेतल्याशिवाय जोडणी होत नाही, इतकेच. ‘एलएस /कोठार/फोटो’ असे पूर्ण नाव टंकले, की क्षणभर थांबून छायाचित्रांची यादी समोर येते. ‘फोटो’ नावाची डिरेक्टरी आधी हाताने करून ठेवू नये. ती ऑटोएफएसच उभी करते. तरीही फोल्डर उघडले नाही, तर सेवा थांबवून ‘ऑटोमाउंट -एफ -व्ही’ ही आज्ञा चालवावी आणि दुसऱ्या टर्मिनलमधून फोल्डर उघडावे. कोठे अडले, ते पहिल्या खिडकीत वाचायला मिळते.

फोल्डर दिसते पण लिहिता येत नाही, ही तक्रार बहुधा क्रमांकांची असते. नेहमीच्या मांडणीत एनएफएस वापरकर्त्याचे नाव पाहत नाही, त्याचा क्रमांक पाहते. डेबियनवर पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो. दोन संगणकांवर दोन वेगळ्या व्यक्ती पहिल्या असतील, तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतात. ‘आयडी -यू’ ही आज्ञा दोन्हीकडे चालवून क्रमांक जुळवून घ्यावेत.

नकाशातल्या ओळीत ‘सॉफ्ट’ हा पर्याय घालावा असे अनेक जण सुचवतात, कारण त्यामुळे सर्व्हर गेला तरी प्रोग्राम अडकून राहत नाही. परंतु लिहिणे अर्ध्यावर असताना असे झाले, तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून ज्या फोल्डरमध्ये लिहायचे आहे, तेथे मुळातला ‘हार्ड’ हाच पर्याय मी राहू देतो.

लॅपटॉपवर एकच फोल्डर हवे असेल, तर ऑटोएफएस न बसवता ‘एफएसटॅब’मधील ओळीला ‘नोऑटो,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=३००’ हे पर्याय जोडूनही काम भागते.

लॅपटॉप घेऊन घराबाहेर पडण्यापूर्वी टर्मिनलची एखादी खिडकी ‘/कोठार/फोटो’मध्ये उभी नाही ना, हे पाहावे. ती तेथे आहे तोवर ऑटोएफएसच्या दृष्टीने फोल्डर वापरात असते आणि ३०० सेकंद उलटून गेले तरी जोडणी सुटत नाही.